पाण्याचा पहिला हक्क

यवतमाळहून नागपूरकडे निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर कळंब लागते. या गावचा चिंतामणी विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. डोंगरावरच्या देवाकडे पायऱ्या चढून जावे लागते. चिंतामणीकडे मात्र पायऱ्या उतरून जायचे असते, कारण त्याचा गाभारा जमिनीच्या बराच खाली आहे. ही खोली ३३ फूट असल्याचे सांगतात. खाली देवाजवळ कुंड आहे आणि कळंबची सारी श्रद्धा त्या कुंडाभोवती गुंफलेली आहे. कथा अशी, की गौतम ऋषींच्या शापाने पिडलेल्या इंद्राने इथल्या कदंबवनात गणेशाची आराधना केली, गणेशाने अंकुशाने जमीन भेदून पाणी काढले, त्या पाण्यात स्नान करून इंद्र शापमुक्त झाला, आणि पुढे दर बारा वर्षांनी गंगेने इथे येऊन चिंतामणीचे पाय धुवावेत असे ठरले. म्हणून कुंडातले पाणी चढू लागले की भाविक घाबरत नाहीत, दर्शनाला येतात. पाणी देवाच्या पायांना लागते आणि मग ओसरते, अशी श्रद्धा आहे. एरवी जमिनीखालच्या खोलीत पाणी शिरणे ही घरमालकाची झोप उडवणारी गोष्ट. इथे तीच गोष्ट बारा-बारा वर्षे वाट पाहण्याजोगी ठरली आहे.

त्याच मातीवरच्या एखाद्या जुन्या वाड्याचे तळघर घ्या. कधीकाळी धान्य, तूप, भांडीकुंडी ठेवण्यासाठी ते बांधले गेले. आता घर वाढले, माणसे वाढली, आणि ती खोली वापरात आणायची ठरते. कुणाला तिथे मुलांच्या अभ्यासाची जागा हवी असते, कुणाला शांत देवघर. भिंतींना ओल आलेली असते, गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतात, दार उघडताच कुबट वास येतो. अशा वेळी दोन सल्ले मिळतात. पहिला म्हणजे वॉटरप्रूफिंगचा हात मारा, पुट्टी भरा, टाइल्स लावा, सगळे झाकून जाईल. दुसरा म्हणजे जुने घर आहे, ओल असायचीच, चालवून घ्या. एक सल्ला पाण्याला लपवतो, दुसरा त्याच्यापुढे हात टेकतो, आणि पाणी कुठून येते हे विचारण्याची तसदी दोन्ही घेत नाहीत. मला वाटते, भूमिगत जागा सजवण्याआधी पाण्याचा प्रश्न सोडवणे हा गवंडीकामातला शहाणपणाचा क्रम आहेच, पण त्याहून अधिक तो धर्माचा क्रम आहे. जमिनीखाली ज्याचा वावर आपल्या कितीतरी आधीपासून आहे त्याला ओळखायचे, त्याला त्याची जागा आणि वाट द्यायची, आणि मगच त्या ठिकाणी आपला संसार किंवा आपला देव मांडायचा. यात पाण्याविषयीचा आदर आहे आणि सत्याशी प्रामाणिकपणाही आहे. चिंतामणीच्या कुंडातून घेण्याजोगी शिकवण हीच आहे असे मला वाटते.

आधी पाण्याची बाजू समजून घेऊ, कारण जे नीट पाहिले नाही त्याचा आदर करता येत नाही. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे आणि त्यावर कापसाची काळी माती आहे. वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाने ताण दिला तरी कपाशी तग धरते ती याच गुणावर. पण हाच गुण तळघराच्या भिंतीला जड जातो. उन्हाळ्यात ही माती आकसते आणि तिला खोल भेगा पडतात, बऱ्याचदा नेमक्या भिंतीच्या कडेने. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांमधून थेट पायाकडे उतरतो. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि उतरलेले पाणी आठवडेच्या आठवडे भिंतीला टेकून राहते. भाद्रपद-आश्विनात विहिरींची पातळी सर्वांत वर असते, तेव्हा पाणी तळातूनही वर दाबते. काळा दगड स्वतः फारसे पाणी पीत नाही. ओल येते ती दोन दगडांमधल्या दर्जांतून, मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या सांध्यांतून. शिवाय ती एकटी येत नाही, जमिनीतले क्षार बरोबर आणते. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि आतून रेटा देऊन गिलावा फोडतात. ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो तो हाच प्रकार.

पाण्याला आणखी एक वाट आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आषाढ-श्रावणातली हवा पाण्याने जड असते. ती तळघरातल्या थंड दगडाला भिडली की दगडावर दव सुटते. अशा वेळी हवा खेळती राहावी म्हणून दिवसभर दार उघडे ठेवणारा माणूस नकळत ओल वाढवत असतो. जमिनीतले पाणी आणि हवेतले पाणी यांतला फरक ओळखण्याची रीत अगदी साधी आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडा घट्ट चिकटवून भिंतीवर आणि फरशीवर लावायचा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या अंगाला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या अंगाला जमले तर ते खोलीतल्या हवेतले आहे. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात, अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, मोरीचे पाणी कुठे मुरते, जवळची जुनी विहीर बुजवली आहे का, हे प्रश्नही तितकेच साधे आहेत. त्यांची उत्तरे एका पावसाळ्यात मिळतात. चातुर्मास हा आपल्याकडे संयमाचा आणि निरीक्षणाचा काळ मानला आहे. तळघराला हात लावण्याआधी एक चातुर्मास त्या भिंतींकडे लक्ष देऊन पाहणे हे मला व्रताइतकेच अर्थपूर्ण वाटते.

पाण्याला आधी विचारायचे हा क्रम आजच्या अभियंत्यांनी आणलेला नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत घरासाठी जमीन पारखण्याची जी रीत दिली आहे तिच्यात खड्डा खणायचा, तो पाण्याने भरायचा, शंभर पावले चालून परत यायचे आणि पाणी किती उरले ते पाहायचे, असे सांगितले आहे. आज जमिनीची पाणी मुरवण्याची क्षमता मोजतात त्याचेच हे जुने रूप. त्याच ग्रंथात जमिनीखालच्या पाण्याच्या शोधावर एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि जिथे पाणी व झाडी असते तिथे देव रमतात, म्हणून देवालयाला जलाशयाची सोबत असावी, असा विचारही आहे. ज्या परंपरेत देवाचे ठिकाण पाणी पाहून निवडले गेले, तिथे पाणी देवाचा शत्रू असूच शकत नाही. महाराष्ट्रात खाली उतरून दर्शन घ्यावे लागणारी ठिकाणे कमी नाहीत. वालधुनीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे. त्याचा गाभारा मंडपापासून पायऱ्या उतरून खाली आहे. औंढा नागनाथाचे लिंगही तळातल्या अरुंद गाभाऱ्यात आहे. खडकाळ, पावसाळी प्रदेशात जमिनीखाली देव बसवणाऱ्यांना खाली पाणी भेटणार हे ठाऊक नसणे शक्य नाही. खेड्यापाड्यांत विहिरीच्या काठावर किंवा नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. पाण्याच्या जागेला तिचे स्वतःचे दैवत आहे आणि तिथे माणसाने बेफिकीरपणे वागू नये, ही जाण त्या शेंदरात आहे. कळंबच्या कुंडात ही जाण पूर्णत्वाला गेलेली दिसते. तिथे पाण्याला एक निश्चित जागा दिली आहे, येण्याचा एक काळ मानला आहे, आणि त्याची पोच देवाच्या पायांपर्यंत ठरवली आहे. पाणी हद्दपार झाले नाही आणि मोकाटही सुटले नाही.

याच्या उलट, पाणी झाकण्याचे परिणाम पाहायचे तर आपल्या मोठ्या क्षेत्रांकडे पाहावे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात वर्षानुवर्षांच्या भक्तीतून जुन्या दगडावर संगमरवर, ग्रॅनाइट आणि टाइल्सचे थर चढले. देणाऱ्यांचा भाव निखळ होता. पण दगड झाकला गेला, आणि गाभाऱ्यातली उष्णता व आर्द्रता मूर्तीला बाधते आहे ही चिंता पुढे आली. २०२४ च्या उन्हाळ्यात पदस्पर्श दर्शन काही काळ थांबवून हे थर उतरवण्यात आले आणि मंदिराचे मूळ दगडी रूप वारकऱ्यांना पुन्हा दिसले. त्याच कामात मे महिन्याच्या अखेरीस मंदिरात एक तळघर सापडले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. वर गुळगुळीत फरशी असताना खाली काय आहे याची जाणीवच पुसली जाते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? अजिंठ्याचे उदाहरण वेगळ्या दिशेने तेच सांगते. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने इटलीहून तज्ज्ञ बोलावून तिथली चित्रे वाचवण्याचे काम केले. सुटू पाहणारा गिलावा धरून ठेवण्यात त्यांना यशही आले. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळसर, काळपट झाला, आणि तो काढण्यासाठी नंतरच्या पिढ्यांना कष्ट घ्यावे लागले. दोन्हीकडे हेतू चांगला होता आणि साहित्य त्या काळी उत्तम मानलेले होते. चूक एवढीच, की जुन्या भिंतीची जी रीत होती, आतली आर्द्रता हळूहळू बाहेर सोडण्याची, ती नव्या आवरणाने अडवली. चुन्याचा गिलावा वाफ जाऊ देतो. सिमेंट, तेलरंग आणि चकचकीत टाइल ती फारशी जाऊ देत नाहीत. मग ओल आवरणामागून वर चढते आणि आधी कोरडी असलेली जागाही भिजवते.

इथे प्रश्न नीतीचा होतो. आवरण घालणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण तो पाहणाऱ्याला एक खोटे चित्र दाखवत असतो. कोरडी दिसणारी भिंत कोरडी आहे असे समजून घरातली आजी तिथे जप करायला बसते, नातू चटईवर झोपतो, पोथ्या आणि वह्या तिथल्या कपाटात जातात. बुरशी टाइलच्या मागे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाली वाढत राहते, आणि दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असणाऱ्याला ती नजरेआडूनच छळते. आपल्या दर्शनांनी अज्ञानाचे वर्णन पुन्हा पुन्हा आवरण म्हणून केले आहे. साधकाने काही नवे मिळवायचे नसते. जे आहे त्यावरचा पडदा दूर करायचा असतो, असे वेदान्त सांगतो. चित्तशुद्धी आधी आणि बोध नंतर हा क्रमही तिथे ठरलेला आहे. जो धर्म अंतःकरणाच्या बाबतीत इतका काटेकोर आहे, त्याच धर्माच्या माणसाने देवघराच्या भिंतीबाबत मात्र वरचा रंग पुरेसा मानावा, ही विसंगती आहे. शुद्धता ही दिसण्याची गोष्ट असती तर स्नानाऐवजी नवे वस्त्र नेसणे पुरले असते.

यावर श्रद्धेच्या बाजूने पहिला आक्षेप येईल तो असा: भूजल, क्षार, विहिरीची पातळी ही भाषा कुंडावर लावली की गंगा उरत नाही, उरतो तो नुसता पाझर. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यामागची भीती खरी आहे. स्पष्टीकरण सापडले की पूजा थांबते, असे अनेकदा घडले आहे. पण पाणी कोणत्या वाटेने आले आणि आल्यावर त्याला आपण काय मानले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आईचे दूध कसे तयार होते हे सांगता येते, म्हणून तिची माया कमी होत नाही. चिंतामणीच्या पायांशी आलेले पाणी खडकाच्या भेगांतून आले असेल तर त्या भेगाही पवित्र मानायला हव्यात, आणि तसे मानले की एक जबाबदारी अंगावर येते. परिसरातली मोकळी माती काँक्रीटखाली गेली, बोअर खोल होत गेले, गावच्या चक्रवती नदीत कचरा साठला, तर जमिनीखालच्या पाण्याची चाल बदलणारच. मग बारा वर्षांनी पायांशी पाणी येईल की नाही, आणि आले तर ते तीर्थ म्हणून हातावर घेण्याजोगे असेल की नाही, हे आपल्याच हातात राहते. ज्याला या आगमनाची सर्वांत जास्त ओढ आहे, त्याला भूजलाचे ज्ञान सर्वांत जास्त लागते. श्रद्धेला विज्ञानाचा धोका नाही. गंगा यावी असे म्हणत तिची वाट बुजवणाऱ्या बेपर्वाईचा धोका आहे.

दुसरा आक्षेप याच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. पाणी इतके पवित्र असेल तर त्याला अडवायचे तरी कशाला? ओल हाही प्रसाद समजावा, देह नश्वर तसे घरही नश्वर. यातली विरक्ती आकर्षक वाटते, पण परंपरा स्वतः तशी वागलेली नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी चढले की ते दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक दुरून येतात. पण त्याच वेळी उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात सुरक्षित हलवली जाते आणि तिची नित्यपूजा तिथे चालू राहते. पुराचे स्वागत आणि पुरापासून जपणूक, दोन्ही एकाच श्रद्धेत, एकाच दिवशी. ज्याने २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिले त्या नृसिंहवाडीच्या शिरोळ तालुक्याला पुराचे गोडवे कुणी ऐकवायला नकोत. तिथल्या लोकांनी पाण्याला नमस्कार केला आणि गुरेढोरे, धान्य, म्हातारी माणसेही हलवली. शुचितेच्या आपल्या कल्पनेत जागेचे भान नेहमीच होते. कुंडातले पाणी तीर्थ आहे. तेच भिंतीत अडकले की रोगाचे घर होते. नश्वरतेचा दाखला देऊन हे टाळता येत नाही, कारण त्याच परंपरेने जीर्णोद्धार हे मोठे पुण्य मानले आहे. अहिल्याबाई होळकरांचे नाव देशभर घेतले जाते ते त्यांनी उभारलेल्या आणि सावरलेल्या देवळांसाठी, आणि त्या देवळांसोबत बांधलेल्या घाट, विहिरी, बारवांसाठीही. देवाची सोय आणि पाण्याची सोय त्यांच्या कामात वेगळी काढता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. आज अशी रसायने मिळतात की आतून लेप दिला की पाणी येतच नाही. मग जमीन आणि उतार यांच्या मागे कशाला लागायचे? याला मोजून उत्तर देता येते. पाण्याचा स्तंभ एक मीटर उंच असेल तर तो दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देतो. तीन मीटर खोल तळघराच्या बाहेर पाणी काठोकाठ साचले तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब पडतो. कळंबच्या गाभाऱ्याएवढी, दहा मीटरची खोली धरली तर दहा टन. आतून लावलेल्या पातळ लेपाला पाणी मागून ढकलत असते, आणि त्याची चिकटण्याची ताकद कमी पडली की तो फुगतो आणि सुटतो. नव्या काँक्रीटच्या तळघराला बांधतानाच बाहेरच्या अंगाने आवरण दिले आणि पायाशी निचऱ्याची नळी ठेवली तर ते उत्तम काम देते, हे मान्य केले पाहिजे. जुन्या दगडी भिंतीला ते आतून देता येत नाही. तिथे पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधीच वळवावे लागते. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यायचे, अंगणाला घरापासून बाहेर उतार द्यायचा, गळकी मोरी दुरुस्त करायची, भिंतीलगत खडीचा चर काढून साचणाऱ्या पाण्याला सखल जागेकडे वाट द्यायची, दर्जा चुन्याने भरायच्या, आणि तरीही तळातून पाणी येतच असेल तर फरशीखाली एक छोटे कुंड करून ते तिथे गोळा करून उपसायचे. ही शेवटची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आजच्या उत्तम तंत्राचा शेवटचा उपाय म्हणजे तळात पाण्यासाठी एक जागा राखणे, आणि चिंतामणीच्या गाभाऱ्यात ती पहिल्यापासून आहे.

चौथा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो पैशाचा आणि घाईचा आहे. सामान्य कुटुंबाला वर्षभर थांबणे परवडत नाही. मंदिराच्या विश्वस्तांपुढे भाद्रपदातला उत्सव किंवा माघातली गणेश जयंती उभी असते आणि देणगीदाराला आपली देणगी डोळ्यांना दिसावी असे वाटते. संगमरवरी फरशीवर नाव कोरता येते. चरावर, उतारावर, पन्हळीवर कोण कोरणार? पण खर्चाचा हिशेब उलटा आहे. उतार, पन्हळ आणि दर्जा यांचा खर्च सजावटीच्या मानाने थोडा असतो. ओल्या भिंतीवर केलेली सजावट मात्र काही पावसाळ्यांत काढून पुन्हा करावी लागते. थांबण्याबद्दल म्हणाल तर पंढरपूरच्या वारकऱ्यांनी दगड मोकळा व्हावा म्हणून पदस्पर्श दर्शनावाचून काही आठवडे काढले. भक्त थांबायला तयार असतात, त्यांना कारण नीट सांगावे लागते. आणि न दिसणारे काम पूजा ठरते की नाही, याचे उत्तर तर यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यातून येते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव आधी खराटा चालवला, गटारे आणि रस्ते साफ केले, आणि रात्री कीर्तन केले. त्यांचा हा क्रम कधी उलटला नाही. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा, घाट आणि अन्नछत्रे ही सगळी माणसाच्या देहाची सोय पाहणारी कामे होती, आणि महाराष्ट्राने त्यांना संत म्हटले ते याच कामांसाठी. ज्या वऱ्हाडाने खराट्याला भक्तीचे साधन मानले, त्याला चर खणणाऱ्याच्या कुदळीतली भक्ती समजावून सांगावी लागू नये.

म्हणून जुन्या घराचे तळघर राहते करू पाहणाऱ्याने आणि जुन्या देवळाचा गाभारा सुशोभित करू पाहणाऱ्या विश्वस्तांनी कामाचा आरंभ एकाच प्रश्नाने करावा: इथे पाणी कुठून येते आणि त्याला कुठे जायचे आहे? उत्तर मिळेपर्यंत रंग, पुट्टी, टाइल, पीओपी यांना हात लावू नये. उत्तर मिळाल्यावर आधी बाहेरची वाट मोकळी करावी, मग भिंतीला सुकायला पुरेसा काळ द्यावा, आणि जे आवरण घालायचे ते वाफ जाऊ देणारे असावे. देवघर तळघरातच हवे असेल तर देव ओल्या भिंतीपासून थोडा पुढे, चौरंगावर बसवावा, म्हणजे मागची भिंत दिसत राहील आणि तिची तब्येत कळत राहील. देवस्थानांच्या दुरुस्तीत निचऱ्याच्या कामासाठी वेगळी रक्कम आधी काढून ठेवावी आणि त्यासाठी आलेली देणगी फरशीच्या देणगीच्या बरोबरीने जाहीर करावी. यात कुणाची श्रद्धा कमी करण्याचा प्रश्न नाही. उलट ती जमिनीपर्यंत नेण्याचा आहे. पाण्याला पायांशी जागा देणारा देव ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्यांनी आपल्या घरांच्या आणि देवळांच्या पायाशी पाण्याला योग्य वाट द्यावी. तेवढे झाले की त्या जागेत घातलेले प्रत्येक आसन आणि लावलेला प्रत्येक दिवा खरा ठरेल, कारण त्याच्यामागे काहीही लपवलेले नसेल.